मागचा ब्रेक, एरंडेल आणि आजऱ्याचा पाऊस

गेल्या गणपतीत आजऱ्याला घरी गेलो होतो. गौरी जेवल्या, घरात बसून कंटाळा आला आणि आम्ही दोघं बाईक काढून आंबोलीकडे निघालो. संकेश्वर-बांदा रस्त्याने आजरा ते आंबोली म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटर. गवसे ओलांडलं की झाडी दाट होत जाते आणि पाऊस कधी सुरू होतो आणि कधी थांबतो याला काही अर्थ राहत नाही. आंबोलीत कणीस खाल्लं. "जरा घाट उतरून खाली धबधब्यापर्यंत जाऊ," असं बायको म्हणाली. मीही लगेच निघालो.

घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागच्या ब्रेकचा पेडल दाबला आणि तो सरळ खाली गेला. विरोध नाही, काही नाही. ओल्या चिखलात पाय रुतावा तसा पाय खाली गेला. पुढचा ब्रेक शाबूत होता, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, म्हणून हा लेख लिहायला मी आहे. ओल्या रस्त्यावर, उतारावर, मागे माणूस बसलेलं असताना फक्त पुढच्या ब्रेकवर गाडी थांबवणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. कठड्याला लावून उभा राहिलो. मागच्या डिस्कवर पावसाचे थेंब पडले की चर्र आवाज येत होता. तव्यावर पाणी शिंपडावं तसा.

पण खरी भीती मला नंतर वाटली. वीस-पंचवीस मिनिटं थांबलो, सहज पेडल दाबून बघितला, तर ब्रेक परत आलेला! अगदी ठणठणीत. "बघ, काही नाही झालेलं, पावसाने झालं असेल," असं मी म्हणालोसुद्धा. बायकोने नुसतं बघितलं. गाडी वळवली, चढाने आंबोलीला आलो आणि रमतगमत आजऱ्याला पोचलो.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गावातल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी मागचं चाक हाताने फिरवलं. अर्धा फेरा मारून ते थांबलं. मग साइड पॅनल काढून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आत कोरा चहा होता. म्हणजे रंग तसा होता.

"कवा बदललंय हे?"

"दर वर्षी सर्व्हिसिंगच्या बिलावर आहे, काका."

"बिलावर आसंल. डबीत न्हाई."

गाडी पुण्यात असताना सलग तीन वर्षं मी 'ब्रेक ऑइल चेंज' या ओळीचे पैसे भरले होते. कुणाला ते जाऊ द्या. झाकण उघडून बघायला मलाही दोन मिनिटंच लागली असती. नंतरची चार वर्षं गाडी आजऱ्यात शेडखाली, म्हणजे पावसाच्या शेजारीच, उभी होती.

तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या गॅरेजात स्टुलावर बसून जे बघितलं, आणि मग पुण्याला परत येऊन महिनाभर जे वाचत बसलो, ते लिहितोय. आपल्याकडे बाईकच्या मागच्या चाकाला डिस्क आली तेव्हा तिच्याबरोबर द्रवाची एक जबाबदारीही आली. डिस्कची जाहिरात झाली. जबाबदारीचं कुणी काही सांगितलं नाही.

थोडं मागे जाऊ. बरंच मागे.

बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो हा पास्कलचा नियम आपण शाळेत पाठ केला. पास्कलचं त्यावरचं पुस्तक तो गेल्यानंतर १६६३ साली छापलं गेलं. पण त्याचा उपयोग करणारं खरंखुरं यंत्र यायला पुढे सव्वाशे वर्षं लागली. १७९५ साली लंडनच्या जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. मधल्या काळात अडलं कुठे होतं? नियमात नाही. गळतीत! दाब वाढला की पिस्टनच्या बाजूने पाणी बाहेर यायचं आणि गळू नये म्हणून घट्ट आवळलं तर पिस्टन हलायचा नाही. म्हणजे एकतर गळणार, नाहीतर जाम होणार. हे कोडं सोडवलं ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्सली या तरुण कारागिराने. त्याने चामड्याची वाटीसारखी चकती बसवली. दाब आला की वाटीचे काठ फुगून भिंतीला चिकटतात, दाब गेला की सैल पडतात. जितका दाब जास्त तितकी पकड घट्ट. आज माझ्या बाईकच्या मास्टर सिलिंडरमध्ये जी रबराची वाटी आहे ती याच चामड्याच्या वाटीची पणती.

ही कल्पना गाडीच्या ब्रेकमध्ये आणणाऱ्याचं नाव ऐकून मला गंमत वाटली. माल्कम लॉकहीड. हो, विमानवाले लॉकहीडच. मूळ आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं, लोक भलताच उच्चार करायचे म्हणून पुढे ते बदललं. माल्कम आणि त्याचा भाऊ ॲलन दोघे विमानं बनवायचे. माल्कमने १९१७ साली हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं आणि विमानं सोडून डेट्रॉइटला ब्रेकच्या धंद्यात गेला. १९२१ साली डुसेनबर्ग कंपनीची रेसिंग कार चारी चाकांना हायड्रॉलिक ब्रेक लावून फ्रान्सच्या ग्रां प्रीमध्ये उतरली आणि जिमी मर्फीने ती शर्यत जिंकली. त्या गाडीच्या ब्रेकमध्ये द्रव कोणता? ग्लिसरीन आणि पाणी.

त्याच सुमारास डुसेनबर्गची रस्त्यावरची गाडीही हायड्रॉलिक ब्रेक घेऊन आली, पण ती श्रीमंतांची. सामान्यांपर्यंत हा ब्रेक नेला १९२४ च्या क्रायस्लर गाडीने. आणि तिथेही अडचण तीच, गळती. लॉकहीडच्या मूळ रचनेतल्या चामड्याच्या वाट्या झिरपायच्या. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी त्या काढून रबराच्या वाट्या बसवल्या आणि ब्रेक एकदाचा भरवशाचा झाला. तरी हेन्री फोर्डचा विश्वास बसेना. पेडलपासून चाकापर्यंत लोखंडी सळी असलेली बरी, नळीतल्या पाण्याचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं. फोर्डच्या गाड्यांना हायड्रॉलिक ब्रेक आले थेट १९३९ च्या मॉडेलमध्ये. म्हातारबुवा हट्टी होते खरे, पण घाटात पाय खाली गेल्यापासून मला त्यांच्याबद्दल थोडी सहानुभूती वाटायला लागली आहे.

आता रबर आलं म्हटल्यावर नवा प्रश्न. आत ओतायचं काय? पाणी गंज आणतं, थंडीत गोठतं. साधं खनिज तेल, म्हणजे इंजिन ऑइल, नैसर्गिक रबराला फुगवून मऊ करतं. मग उत्तर सापडलं ते आपल्या आजीच्या फडताळातलं. एरंडेल! एरंडेल रबराला त्रास देत नाही आणि वंगणही करतं. फक्त फार घट्ट, म्हणून त्यात अल्कोहोल मिसळून पातळ करायचं. कित्येक वर्षं जगभरच्या गाड्यांचे ब्रेक या मिश्रणावर चालले. (वंगणातली एरंडेलाची पत इतकी होती की कॅस्ट्रॉल हे नावच 'कॅस्टर'वरून पडलं.) म्हणजे आपले मिस्त्री आजही 'ब्रेक ऑइल' म्हणतात त्याला आपण 'ऑइल नाही हो, फ्लुइड' म्हणून नाक मुरडतो, पण तो शब्द एकेकाळी अक्षरशः खरा होता.

आज मात्र तो शब्द धोक्याचा आहे. काकांनी सांगितलेला किस्सा: एकाने डबी कमी दिसली म्हणून घरात होतं ते इंजिन ऑइल ओतलं. 'ऑइलच की!' दोन दिवसांत आतल्या वाट्या फुगल्या आणि पुढचा ब्रेक दाबलेलाच राहिला. सगळी रबरं, नळी, सगळं बदलावं लागलं.

एरंडेल-अल्कोहोलाचं दुखणं असं की अल्कोहोल लवकर उकळतं. गाड्या जड झाल्या, वेग वाढला, ब्रेक जास्त तापायला लागले. मग ग्लायकोल जातीची रसायनं आली. आज बाटलीवर जे डॉट ३, डॉट ४ लिहिलेलं असतं त्यातलं 'डॉट' म्हणजे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. हे खातं १९६७ साली सुरू झालं आणि त्याने ब्रेकच्या द्रवाची प्रतवारी ठरवली. त्यातले आकडे बघण्यासारखे आहेत. डॉट ३ कोरं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, डॉट ४ किमान २३० पर्यंत. पण प्रत्येकाला दुसराही एक आकडा आहे, 'ओल्या' द्रवाचा. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मिसळलं की डॉट ३ ची मर्यादा १४० वर येते आणि डॉट ४ ची १५५ वर. शंभरात पावणेचार भाग पाणी, आणि पंचाहत्तर अंश गायब!

पाणी येतं कुठून? हवेतून. ग्लायकोल पाणी शोषून घेतं. डबीच्या झाकणातून, रबरी नळीच्या भिंतीतूनसुद्धा हळूहळू. मला आधी वाटलं, काय गाढवपणा आहे, पाणी पिणारा द्रव ब्रेकमध्ये घालायचा! पण वाचल्यावर कळलं की यामागे विचार आहे. पाणी आत शिरणारच. प्रश्न एवढाच की शिरल्यावर ते राहील कुठे. द्रवाने ते शोषलं नाही तर त्याचे थेंब होतात, जड म्हणून सर्वांत खाली जातात, आणि खाली काय असतं? कॅलिपर, म्हणजे नेमकी सगळ्यात जास्त तापणारी जागा. तिथे ते शंभर अंशाला उकळणार आणि पिस्टनला गंज आणणार. त्यापेक्षा सगळ्या द्रवात सारखं पसरलेलं बरं. न शोषणारा सिलिकोनचा द्रव, डॉट ५, हाही आहे, पण त्यात हीच थेंबांची भानगड आहे आणि तो ग्लायकोलात मिसळून चालत नाही. (डॉट ५.१ हा मात्र पुन्हा ग्लायकोलवाला. हे नाव ठेवणाऱ्याने आमच्या प्रोजेक्टमध्ये व्हर्जन नंबर दिले असावेत.) म्हणजे ग्लायकोलवाल्यांनी केलेला सौदा असा: आम्ही पाणी सांभाळून घेतो, तुम्ही दर दोन वर्षांनी आम्हाला बदला. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात तसं छापलेलं असतंच. आणि हे हिशेब जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्या आंबोलीच्या शेजाऱ्यांसाठी केलेले नाहीत.

घाटात काय झालं ते आता सांगता येईल. ब्रेक कुठेतरी जाम होऊन घासत होता, डिस्क तापली, उष्णता कॅलिपरमधल्या द्रवात गेली. द्रव ओला, त्यामुळे लवकर उकळला. वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मी पाय दाबला तो डिस्कवर पोचलाच नाही, वाफ दाबण्यात खर्च झाला. थंड झाल्यावर वाफेचं परत पाणी, ब्रेक परत जागेवर. पुरावा नष्ट! सॉफ्टवेअरमध्ये अशा बगला आम्ही फार घाबरतो, जो डेव्हलपर बघायला आला की दिसत नाही.

पण हा प्रश्न आमच्या वडिलांच्या पिढीला का पडला नाही? कारण त्यांच्या मागच्या चाकाला ड्रम होता. राजदूत, येझदी, बुलेट, पुढे १९८५ ची सीडी-१००, आरएक्स-१००, सगळ्यांच्या मागे ड्रम आणि पेडलपासून ड्रमपर्यंत एक लोखंडी सळी. फोर्डला आवडली असती अशी. पेडल खाली जायला लागला की मागचा नट दोन आटे फिरवायचा, बस्स. ओढ्यातून गाडी काढली की आत पाणी शिरून ब्रेक लागायचा नाही, मग थोडा वेळ ब्रेक हलका दाबून गाडी चालवायची, की सुकला. ड्रमचा कॅमही गंजून जाम व्हायचा, पण तो आधी जड लागून सांगायचा तरी. ड्रम आळशी माणसाला माफ करतो.

जगात बाईकला डिस्क आली ती १९६९ च्या होंडा सीबी-७५० मुळे लोकप्रिय झाली. तीही फक्त पुढे, मागे ड्रमच. मागेही डिस्क देणाऱ्या मोठ्या गाड्या, होंडाची गोल्ड विंग वगैरे, १९७५ च्या सुमाराच्या. आपल्याकडे १९८३ साली राजदूत ३५० आली. जपानी यामाहा आरडी-३५० चं हे भारतीय रूप. जपानी गाडीला पुढे डिस्क होती, आपल्याकडे येताना ती काढून ड्रम बसवला. आरडीवाले अजून त्यावर हळहळतात. मग १९९९ ची सीबीझेड, २००१ साली चाकणहून निघालेली पल्सर १८०, यांच्या पुढे डिस्क आली आणि 'डिस्क ब्रेक आहे का?' हा कॉलेजच्या पार्किंगमधला प्रश्न झाला. २००७ साली पल्सर २२० मागेही २३० मिलिमीटरची डिस्क घेऊन आली. पुण्यात माझ्या बरोबरच्या निम्म्या पोरांच्या पहिल्या पगाराचं स्वप्न तीच होती. १ एप्रिल २०१९ पासून तर १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं.

गंमत अशी की महाराष्ट्रात हायड्रॉलिक ब्रेकचं ज्ञान नव्हतं असं नाही. कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटला हायड्रॉलिक ड्रम होते, मुंबईचा प्रत्येक टॅक्सीवाला 'हवा काढणे' म्हणजे काय ते जाणून होता. पण ते ज्ञान चारचाकीच्या गॅरेजात होतं. दुचाकीचा मिस्त्री वेगळा. आणि दुचाकीला डिस्क आली तेव्हा ती शोरूममधून आली, जुन्या गॅरेजवाल्याला कुणी दोन दिवस बोलावून शिकवलं नाही. आमचे काका अपवाद, कारण ते आधी वडापच्या जीपांची कामं करायचे. संकेश्वर-बांदा रस्त्यावर पंधरा-सोळा माणसं कोंबून धावणाऱ्या जीपचे ब्रेक ज्याने सांभाळले, त्याला बाईकचा मागचा ब्रेक म्हणजे खेळणं.

आता त्यांनी काय केलं ते.

पहिला संशय कॅलिपरच्या पिनांवर. मागचा कॅलिपर दोन पिनांवर इकडे-तिकडे सरकतो. पिस्टन एकाच बाजूला असतो, तो एक पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या धक्क्याने अख्खा कॅलिपर सरकून दुसरा पॅडही दाबतो. पिना सरकल्या नाहीत तर दुसरा पॅड डिस्कला टेकलेलाच राहतो. माझ्या दोन पिनांपैकी एक हाताने निघाली. दुसरी गंजून बसलेली. प्रेशर पंपाने गाडी धुताना ग्रीस निघून जातं, रबरी टोपी फाटलेली असते, त्यातून पाणी आत. काकांनी गंज सोडवणारं तेल मारून ती रात्रभर ठेवली आणि सकाळी व्हाइसमध्ये धरून, ठोकत नाही तर डावी-उजवी फिरवत फिरवत काढली. त्यांचा एकच नियम: "जाम झालेल्याला वडायचं न्हाई. हलवायचं."

मग पिस्टन. इथे मला एक गोष्ट नव्याने कळली. पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसतेच! काम करते ती पिस्टनभोवतीची चौकोनी रबरी रिंग. पिस्टन पुढे जाताना रिंग जराशी मुरडते, दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढंच अंतर पुरतं. मॉड्सलीच्या चामड्याचं काम फक्त गळती थांबवण्याचं होतं, हे रबर तर गळती थांबवतं आणि परतही आणतं. पिस्टनवर गंजाचे डाग पडले की रिंगला तो मागे घेता येत नाही. माझ्या पिस्टनच्या बाहेरच्या काठावर तसे डाग होते.

पिस्टन काढायला काकांनी नळी सोडली नाही. पॅड काढले, समोर लाकडाचा तुकडा ठेवला आणि पेडल दाबत राहिले. ब्रेकच्याच दाबाने पिस्टन बाहेर आला. काही ठिकाणी हवेच्या पंपाने काढतात, तो गोळीसारखा सुटतो आणि पुढे बोट असेल तर बोट जातं. पिस्टन बारीक पॉलिश पेपरने पुसून बघितला, खड्डे राहिले, म्हणून नवाच घातला. रिंगा नव्या. धुलाई ब्रेक ऑइलनेच. रॉकेल जवळ आणू दिलं नाही. पिनांना नवीन टोप्या आणि लाल रंगाचं रबर ग्रीस. हे ग्रीस वनस्पती तेलापासून बनतं, साधं ग्रीस रबराला खातं म्हणून. म्हणजे एरंडेलाच्या काळातली जुनी युक्ती अजून त्या छोट्याशा डबीत शिल्लक आहे. (मी मुद्दाम वास घेऊन बघितला. काका हसले.)

ब्लीड निपल तुटायची भीती मला सगळ्यात जास्त होती. आठ नंबरचा, पोकळ, वर्षानुवर्षं न उघडलेला. उघड्या पान्याने त्याच्या कडा गोल होतात. काकांनी रिंग पाना लावला, निपलच्या डोक्यावर छोट्या हातोडीने टकटक केलं, आवळायच्या दिशेने किंचित हलवला, मग सोडायच्या. "कट्ट" आवाज आला. मी दचकलो, मला वाटलं तुटला. सुटला होता.

शेवटी हवा काढणे. हे दोन माणसांचं काम, पेडलवर मी. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. तीनदा दाबायचं, चौथ्यांदा दाबून धरायचं, काका निपल अर्धा आटा सोडणार, पेडल खाली जाणार, निपल बंद, मगच पाय उचलायचा. आधी पाय उचलला तर हवा परत आत. दोनदा मी तेच केलं आणि ऐकूनही घेतलं. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून. नळीतून आधी कोरा चहा आला, मग बुडबुडे, मग गढूळ पिवळं, आणि शेवटी नवीन ऑइल, जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ.

तरी पेडल जरा स्पंजासारखा लागत होता. यामागे साधं गणित आहे. समजा मास्टर सिलिंडरचा पिस्टन १२.७ मिलिमीटरचा आणि कॅलिपरचा ३२ चा. क्षेत्रफळ साधारण सहापट, म्हणून जोरही सहापट मिळतो. पण फुकट काही नसतं. खालचा पिस्टन एक मिलिमीटर सरकायला वरचा सहा मिलिमीटर सरकावा लागतो. एवढ्या तोकड्या हिशेबात हरभऱ्याएवढा बुडबुडासुद्धा पायाला कळतो. काकांनी कॅलिपर सोडवून निपल सगळ्यात वर येईल असा हातात धरला, पॅडांच्या मधे लाकडाची चीप घातली, नळीच्या बांध्यावर बोटाने टिचक्या मारल्या. दोन बुडबुडे निघाले. मग रात्री पेडल दोरीने खाली बांधून ठेवला. बारीक हवा रात्रभरात वर डबीकडे सरकते म्हणतात. सकाळी दोरी सोडली. पेडल अर्ध्या इंचावर टणक लागला. दगडासारखा.

पॅनलवर सांडलेलं ऑइल काकांनी आधी पाण्याने धुवून घेतलं, रंग खातं म्हणून. नवीन ऑइल त्यांनी डॉट ४ ची छोटी सीलबंद बाटली फोडून घातलं होतं. मोठी बाटली स्वस्त पडते की, मी म्हणालो.

"मोठी आणली तर आर्धी उरतीया. उघडी बाटली आजऱ्याच्या पावसाळ्यात ठेवायची म्हंजे बाटलीत पाणी भरून ठेवल्यागत हाय."

उरलेलं चमचाभर ऑइल त्यांनी जुन्या ऑइलच्या डब्यात ओतलं, आणि एका चिंधीने डबीचं झाकण पुसून त्यावर पेंटच्या मार्करने महिना आणि वर्ष लिहिलं. बिलावर काही लिहिलं नाही. बिल दिलंच नाही. पैसे सांगितले, मी दिले, आणि बाहेर एक पोरगा गाडी ढकलत आला होता.

"काका, मागचा ब्रेक धरतोय."

काकांनी चाक हाताने फिरवून बघितलं. अर्धा फेरा.